कुंडीतला जीव

झाडे लावण्यात हिंसा आहे का, हा प्रश्न आपल्या स्वाध्यायात वरचेवर निघतो. माती खणली की पृथ्वीकाय, पाणी घातले की जलकाय, फांदी छाटली की वनस्पतिकाय. हात लावू तिथे जीव! काही जणी म्हणतात, "नकोच ते झाड." काही म्हणतात, "गृहस्थाला आरंभी हिंसा चुकत नाही, मग एवढा विचार कशाला?" मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

मध्यंतरी भाची म्हणाली, "मावशी, गच्चीवर प्रिमरोझ लावू या. फोटोत किती गोड दिसतात!" प्रिमरोझ हे थंड, ओलसर जागचे फूल. युरोपातल्या झाडीत ते आपसूक येते. त्याची भावंडे आपल्या हिमालयातही आहेत, बर्फ वितळला की उमलणारी. इथे अफझलगंजात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. हिवाळ्यात आणलेले रोप चार दिवस हसेल आणि उन्हाळ्यात करपून जाईल.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर गुरेढोरे येतात. मला त्यात कुंडीही दिसते. जमिनीतले झाड मुळे लांबवून आपले पाणी आपण शोधते. आमच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारातली जुनी चिंच बघा. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला महापूर आला, तेव्हा तिच्यावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. तिला काय कुणी रोज तांब्याने पाणी घालत होते? कुंडीतल्या रोपाची मुळे मात्र आपण वीतभर मातीत कोंडली. आता त्याची सगळी भिस्त आपल्या तांब्यावर. आपण आठ दिवस यात्रेला गेलो, तर अन्नपाणी रोखले कुणी? आपणच ना!

म्हणून लावावे की लावू नये, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. ज्याला बांधले त्याला जगवायची आपली तयारी आहे का, हे आधी मनाला विचारावे. जे इथे तगणारच नाही, ते केवळ हौसेपायी आणणे ही आसक्तीच. अपरिग्रह काही फक्त दागिन्या-लुगड्यांपुरता नसतो, बायांनो.

भाचीला मी गुलबाक्षी सुचवली. मिऱ्यासारखे काळे बी, ऊन सोसणारे झाड. सूर्यास्ताआधी जेवणे आटपायची आपली घाई चालते, त्याच सुमारास ती उमलते. "ती काय, कुठेही येते," असे म्हणून पोरीने नाक मुरडले. कुठेही नाही गं, इथे येते. इथल्या मातीला आणि उन्हाला ती मानवते, म्हणून तर लावायची.

आणि यात्रेला निघताना शेजारणीकडे किल्ली देतो ना, तेव्हा कुंड्यांच्या पाण्याचेही सांगून जावे.