शांततेचं बिल कोण भरतं?

माथेरानचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : 'तिथं गाड्याच नाहीत!' मुंबई-पुण्याच्या माणसाला हे ऐकूनच बरं वाटतं. मलाही वाटतं. पण गाड्या नाहीत, तर आपल्या बॅगा कोण वाहतं? चालता न येणाऱ्या आजीला हॉटेलपर्यंत कोण नेतं? माथेरानचा इतिहास मी या प्रश्नाच्या बाजूनं वाचतो.

एरवी तो असा सांगतात : १८५०मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान 'शोधलं'. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्याला थंड हवेचं ठिकाण बनवलं. पुढे आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळहून चिमुकली रेल्वे आली, १९०७मध्ये. हे सगळं खरंच आहे. फक्त या डोंगराच्या उतारांवर ठाकूर, कातकरी, धनगर आधीपासून राहत होते. त्यांच्यासाठी डोंगर कधी हरवलेलाच नव्हता. तरी तळ्याला नाव पडलं शार्लटचं, कड्यांना लुईझा आणि अलेक्झांडरचं. आणि रेल्वे येण्याआधी साहेबलोक घोड्यावरून नाहीतर पालखीतून वर यायचे. म्हणजे डोंगरावरची थंड हवा पहिल्यापासून कुणाच्या तरी खांद्यावरून यायची.

इतिहासाच्या या गोष्टीत खांदे देणाऱ्यांना नावं नसतात. पण याच गावात १९१२मध्ये एका न्हावी कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. वकील झाले, १९४२च्या चळवळीत भूमिगत दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. भाई कोतवाल ते हेच. पाहुणा ज्यांना 'तिथली सोय' समजतो, त्यांच्याही मनात गावाचं, देशाचं काही असतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

२००३मध्ये केंद्र सरकारनं माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं. गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. झाडं, लाल माती, शांतता टिकली ती या बंदीमुळे, हे मान्यच करायला हवं. पण त्याच बंदीच्या आड माणसानं माणसाला ओढायची हातरिक्षाही टिकली. चढावर एक जण पुढून ओढतोय, दुसरा मागून ढकलतोय, आणि आत बसलेला फोटो काढतोय, हे एकविसाव्या शतकात चालू राहिलं.

ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत अमानुष ठरवली, सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितली आणि ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्यानं मिळाव्यात अशी दिशा दिली.

यावर एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. आज ई-रिक्षा आली, उद्या तिच्यासाठी रस्ता पक्का होईल, परवा मोटार येईल. मग माथेरानचं वेगळेपण काय उरलं? घोडेवाल्यांना पोटाची काळजी आहे, तीही खोटी नाही. काही हातरिक्षावालेही आजवर याच कामावर घर चालवत आलेत. 'त्यांनाच हवं होतं ना ते काम?' असं म्हणणं म्हणूनच सोपं जातं. पण ज्याच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलाच नाही, त्याच्या होकाराला आपण निवड कसं म्हणायचं?

जंगल वाचवायचंच आहे. प्रश्न त्याच्या खर्चाचा आहे. एखादा नियम न्याय्य आहे का, हे ताडायला मी स्वतःला इतकंच विचारतो : रिक्षात बसण्याऐवजी दांड्याला हात घालून उभा असतो, तरी मी या नियमाच्या बाजूनं बोललो असतो का? मोटारबंदीबद्दल माझं उत्तर 'हो' आहे. ती बंदी तिथं राहणाऱ्यांच्या श्वासासाठीही आहे. हातरिक्षेबद्दल मात्र ते ठाम 'नाही' आहे. शांतता सगळ्यांनी वापरायची, तर तिचं बिलही सगळ्यांनी वाटून घ्यायला हवं : जास्त कर देऊन, कमी सामान नेऊन आणि पाय धड असतील तर सरळ चालून.