काळ्या थरापर्यंत

"परवा जेसीबीनं उकरलेल्या खड्ड्याला प्राचीन कसं म्हणायचं?" इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या 'पिंगो' तळ्यांचा विषय निघाला, तेव्हा एका स्नेह्यानं विचारलं. प्रश्न बोचला, कारण आहे ते राखावं, गेलेल्याचा सोस धरू नये, असंच मीही मानत आलो होतो.

या तळ्यांचा जन्म हिमयुगातला, सुमारे २०,००० वर्षांपूर्वीचा. जमिनीखालचं पाणी गोठून फुगलं, वरची माती टेकडीसारखी उचलली गेली आणि उन्हाळ्यात घसरून कडेला साचली. बर्फ वितळल्यावर मध्ये खळगा उरला, भोवती मातीचा बांध. थॉम्पसन कॉमन या चराऊ माळावर अशी चारशेहून अधिक तळी आहेत. आसपासच्या शेतांतली कित्येक मात्र एकोणिसाव्या शतकात नांगरासाठी बुजवली गेली. त्यांतलीच काही आता यंत्रानं पुन्हा उकरली जात आहेत.

स्नेह्याचं पुढचं म्हणणं असं, की तळी गाळानं भरायचीच, मरू द्यावीत. हे मला पटत नाही. तळं भरणं वेगळं, बुजवणं वेगळं. भरत जाणाऱ्या तळ्यातला जीव शेजारच्या तळ्यात सरकतो. बुजवलेल्यातला जागीच गाडला जातो.

तरी जिवंत गाडला जातो! भरावाची माती काढत गेलं की खाली काळा, मऊ थर लागतो. तोच जुना तळ. यंत्र तिथंच थांबवायचं. पाणी आणि ऊन पोचलं की त्या गाळातून पाणवनस्पती उगवतात. नॉरफोकमधल्याच बुजवलेल्या शेततळ्यांत युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दीडशे वर्षं गाडलेलं बीही रुजतं. खड्डा नवा असेल, वंश जुनाच आहे.

बेडकाला ही सवलत नाही. पूल फ्रॉग हा बेडूक बाहेरून आणून सोडलेला, असं ब्रिटनमध्ये दीर्घकाळ मानलं गेलं. हाडं, आवाज आणि जनुकं यांवरून तो तिथलाच ठरला, तोवर थॉम्पसनवरची त्याची शेवटची वस्ती १९९०च्या दशकात संपली होती. २००५पासून स्वीडनहून बेडूक आणून नॉरफोकमध्ये सोडले, पुढे थॉम्पसनवरही. ते सगेसोयरे खरे, पण तिथला वंश गेला तो गेलाच.

बियाण्याचा धीरही अमर्याद नसणार. दीडशे वर्षांची खात्री धरली, तर एकोणिसाव्या शतकात बुजवलेल्यांची मुदत सरत आली आहे. म्हणून पैसा अपुरा असेल, तर राखलेल्या तळ्यांची डागडुजी एखादं वर्ष थांबवावी, आणि आधी जुने नकाशे घेऊन शेतातल्या ओलसर जागा शोधाव्यात.