परसबाग, पोर आणि परमार्थ

माळ घालून चार-दोन वर्षे झालेल्या तरुण संसारी माणसाची एक तक्रार दिंडीत, फडावर, हरिपाठ उरकल्यावर हमखास ऐकू येते. तो म्हणतो, "महाराज, लग्नाआधी हरिपाठ कधी चुकला नाही. पहाटे काकड्याला मी पहिला उभा असे. आता घरात दीड वर्षाचं पोर आहे. हरिपाठाला बसलो की ते मांडीवर चढतं, टाळाची दोरी ओढतं, माळ तोंडात घालतं. त्यात मंडळींनी हौसेनं घरामागं चार वाफे केलेत, त्यांना पाणी घालायचं. सकाळ त्यात जाते, संध्याकाळ त्यात जाते. नामाला वेळ कुठून आणू?"

ही तक्रार खोटी नाही, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. तिच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. लेकरू आणि वाफा ही परमार्थाच्या वाटेवरची धोंड, की तीच वाट? "संसार हाच परमार्थ" असे एका वाक्यात सांगून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. वाक्य गोड आहे, पण तेवढ्याने भागत नाही. संसारात बुडालेली माणसे आपण रोज पाहतो. त्यांचाही संसार संसारच असतो, मग त्यांचा परमार्थ का होत नाही?

आधी विरुद्ध पक्ष नीट ऐकून घेऊ. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी पुत्र, पत्नी, घर यांच्या ठायी आसक्ती नसणे हे एक लक्षण सांगितले आहे. त्यावर माउलींनी दृष्टांत दिला आहे तो वाटसरूचा. वाटेने जाताना झाडाची सावली मिळावी तेवढीच त्याची घराविषयी आस्था. आणि पोटची मुले म्हणजे जणू वस्तीला आलेले पाहुणे, झाडाखाली टेकलेली गुरे. ज्ञानी पुरुष असा असतो.

हे वाचून आमचा तरुण माळकरी घाबरतो. तो म्हणतो, "मग पोराकडं पाहुण्यासारखं बघायचं? ते विहिरीकडं धावलं तर 'पाहुणा आहे, जाऊ दे' म्हणायचं?" आणि त्याच्या शेजारी बसलेला दुसरा कोणी गोरोबाकाकांचे उदाहरण काढतो. तेरच्या गोरोबाकाकांची कथा कोणाला ठाऊक नाही? महिपतीबुवांच्या भक्तिविजयात ती आहे. काका नामाच्या धुंदीत चिखल तुडवीत होते, रांगते बाळ पायाखाली आले, त्यांना भान नव्हते. "बघा," तो म्हणतो, "भक्ती अशी पाहिजे, पोराचीसुद्धा शुद्ध राहता कामा नये."

अहो, कथा अर्ध्यावर सोडून तिचा अर्थ काढू नये. कथा तिथे संपत नाही. बाळाच्या आईचा आक्रोश कथेत आहे, आणि तो कोणी मूर्खपणाचा ठरवलेला नाही. पुढे पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात काकांचे गेलेले हात परत आले आणि ते बाळ रांगत रांगत आले, हा कथेचा शेवट आहे. देवाला भक्ताची तल्लीनता पुरेशी वाटली असती, तर बाळ परत आणून देण्याची त्याला गरज काय होती? देवाने आईचे मूल आईला दिले. ही कथा देवाच्या करुणेची आहे, बापाच्या बेसावधपणाला परवानगी देणारी नव्हे. तल्लीनतेत काकांना देहभान उरले नव्हते. आपले देहभान शाबूत आहे. जेवणाची वेळ आपल्याला बरोबर कळते. पोराकडे बघण्याच्या वेळेलाच तेवढे भान हरपत असेल, तर त्याला भक्ती म्हणू नये.

मग अनासक्ती म्हणजे काय? येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक लक्ष आणि दुसरी ममता. लक्ष म्हणजे समोरच्या जिवाला या घटकेला काय हवे ते पाहणे. ममता म्हणजे त्या जिवात स्वतःला पाहणे. "माझं" पोर, "माझी" बाग, म्हणून ती अशी व्हावी, तशी दिसावी. तेराव्या अध्यायात सोडायला सांगितली आहे ती ममता. लक्ष सोडायला कोणी सांगितलेले नाही. वाटसरू सावलीत बसतो तेव्हा झाडाची फांदी मोडून जात नाही.

हा भेद पुस्तकातून कळायला अवघड आहे, वाफ्यावर लवकर कळतो. प्रथमच बाग करणाऱ्याच्या हातून झाडे मरतात ती बहुधा पाण्यावाचून मरत नाहीत, जास्त पाण्याने मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिखल राहिली, कुंडीच्या तळाला भोक नसले, की मुळे कुजतात आणि पाने पिवळी पडतात. माणूस म्हणतो, "अरे, तहानलंय!" आणि आणखी एक तांब्या ओततो. हे प्रेमच आहे, पण आंधळे. अनुभवी माळी आधी मातीत दोन पेरे बोट घालून बघतो. ओल लागली तर तांब्या बाजूला ठेवतो. त्याने पाणी घातले नाही, म्हणून त्याचे प्रेम कमी झाले काय? आपली घालण्याची हौस ही ममता. बोट घालून बघणे हे लक्ष. पोराला पोट भरल्यावरही "माझ्या हातचा एक घास" म्हणून कोंबणारी माया आणि कुंडीत ओतलेला जादा तांब्या यांत फरक नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. एकाच वाफ्यात अर्ध्या भागात मेथी आणि अर्ध्या भागात धने पेरून पाहावे. भिजवलेली मेथी तीन-चार दिवसांत डोके वर काढते आणि सुमारे महिन्याभरात भाजीला येते. धने आधी रगडून दोन करावे लागतात, आणि तरी कोंब दिसायला आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. माती एक, पाणी एक, हात एक. मेथी उगवली आणि कोथिंबीर दिसेना, म्हणून कोणी माती उकरून बघितली तर आत चाललेले काम तेथेच थांबते. लेकराचे असेच आहे. कोणी दहाव्या महिन्यात पाऊल टाकते, कोणी सोळाव्या-सतराव्या महिन्यात. दोन्ही निरोगी असू शकतात. शेजारचे पोर चालू लागले म्हणून आपल्याला झोप येत नाही, तेव्हा ती काळजी पोराची असते की आपल्या मानाची, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे. खरीच शंका असेल तर डॉक्टरला दाखवावे; तेही लक्षच आहे. पण चारचौघांत पोर उणे दिसू नये म्हणून लागलेली टोचणी ही ममता आहे.

आता त्या पोराकडेच पाहू. दोन वर्षांच्या आसपास त्याला एक शब्द सापडतो: "माझं." वाटी माझी, आई माझी, चांदोबा माझा. आपण हसतो. पण हसण्याआधी आपली भाषा तपासावी. आपण रांगोळी घालून ठेवलेल्या वाफ्याकडे बोट दाखवून "माझी बाग" म्हणतो, तेव्हा त्या पोराहून आपण किती मोठे झालो? पोराचे "माझं" हे वयाला धरून आहे. त्यातून ते स्वतःला ओळखायला शिकते. आपले "माझं" मात्र वय उलटून गेल्यावरही तसेच राहिले आहे.

खरी परीक्षा होते ती पोर वाफ्यात शिरते तेव्हा. महिनाभर जपलेले, वीतभर झालेले वांग्याचे रोप ते दोन्ही हातांनी उपटते आणि मोठ्या आनंदाने आणून देते. त्या क्षणी बापाच्या मस्तकात जाते. कशासाठी? रोपाच्या दुःखासाठी म्हणावे, तर बाजारातली जुडी आणताना ते दुःख झाले नव्हते. पोराला वळण लागावे म्हणून म्हणावे, तर दीड वर्षाच्या पोराला रागाने वळण लागत नाही. त्याला फक्त मोठा आवाज आणि वटारलेले डोळे समजतात. राग येतो तो "माझ्या" कष्टांसाठी. त्याच वेळी जो बाप रोप हातात घेतो, मुळाला माती शिल्लक असेल तर संध्याकाळी पुन्हा लावतो, पोराच्या हाती एक छोटा तांब्या देतो आणि म्हणतो, "घाल पाणी, विठ्ठल विठ्ठल," त्याने त्या संध्याकाळी हरिपाठ चुकवला असे म्हणवत नाही. रोप जगेल किंवा न जगेल. जगवणे आपल्या हाती कधीच नव्हते. माती, ओल, सावली पाहणे एवढेच आपले. कोंब फोडणारा वेगळा आहे.

म्हणून लक्ष म्हणजे नुसता भाव नव्हे, त्यात डोळे उघडे ठेवणे आले. पूजेला फुले हवीत म्हणून पुष्कळांच्या अंगणात कण्हेर असते. कण्हेरीचे पान, फूल, फांदी, सगळे विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीच्या बियाही तशाच. दिसेल ते तोंडात घालणारे पोर घरात असेपर्यंत कण्हेर नको. जास्वंद, मोगरा, तुळस पांडुरंगाला कमी पडत नाहीत. झाडांच्या पाण्याची बादली भरून उघडी ठेवू नये. वीतभर पाण्यातही लहान मूल डोक्यावर पडले तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. कीटकनाशक सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधी ठेवू नये. आणि मोबाईल हाती देऊन पोर गप्प बसवले व आपण डोळे मिटून जपाला बसलो, तर त्या जपात पोराची किती आठवण होती आणि देवाची किती, हे आपले आपणच जाणावे.

यशोदेची गोष्ट येथे आठवते. भागवताच्या दहाव्या स्कंधात बाळकृष्णाने माती खाल्ली, आणि यशोदेला त्याच्या मुखात विश्व दिसले. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकतो, पण एक गोष्ट निसटते. यशोदा विश्वरूप पाहायला गेली नव्हती. पोराने माती खाल्ली की काय, हे पाहायला तिने तोंड उघडायला लावले. योग्यांना दुर्लभ दर्शन तिला झाले ते अशा अगदी घरगुती काळजीच्या वाटेने. तिने लक्ष दिले नसते, "खाऊ दे माती" म्हणाली असती, तर कथाच घडली नसती.

आता एक अवघड प्रश्न उरतो, तो टाळून चालणार नाही. वारीचे काय? आळंदीहून पायी निघाले म्हणजे जवळजवळ तीन आठवडे घर सुटते. घरात तान्हे किंवा रांगते पोर, सोबतीला कोणी नाही, आणि पती खांद्यावर पताका घेऊन निघाला. वारी मोठी, यात शंका नाही. पण तिचे पुण्य ज्याच्या पायांनी चालले त्याचेच, आणि मागे रात्री जागली तिचे काही नाही, असे आहे काय? भंडारा डोंगरावर तुकोबा नामात रमले, तेव्हा तो डोंगर चढून भाकरी पोचवणारी जिजाई होती. आपण तिला फार काळ कजाग म्हणून हसलो. तिच्या पायातला काटा मात्र आपल्याला दिसला नाही. माझे म्हणणे एवढेच: घरी सांभाळणारे माणूस असेल तर वारी चुकवू नये. नसेल तर पोर वाऱ्यावर सोडून जाऊ नये. एक वर्ष त्याने जावे, एक वर्ष तिने जावे, आणि त्या वर्षी पोराचे दूधभात आणि वाफ्याचे पाणी त्याने पाहावे. वारी नवऱ्यानेच करायची असा नेम पंढरीरायाने घातलेला नाही.

ज्याचे पाऊल घरातच अडकले त्याने खिन्न होऊ नये. अरणच्या सावता महाराजांचे स्मरण करावे. त्यांनी मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठाई पाहिली, पाण्याची मोट आणि दोर यांतच देवाला ओळखले. शके 1217 च्या आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी अरणला देह ठेवला, आणि पंढरीहून पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येण्याची परंपरा आहे. मात्र हे उदाहरण आळसाच्या कामी लावू नये. सावता महाराज पंढरीला गेले नाहीत म्हणून देव आला नाही. ते जेथे होते तेथे पूर्णपणे होते, म्हणून आला. आपण वाफ्यावर असताना मन बाजारात आणि पोराजवळ असताना मन हिशेबात, असे असेल तर देवाने यायचे कुठे?

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माउलींनी साधकाला पाण्यासारखे व्हायला सांगितले आहे. माळी नेईल तिकडे पाणी मुकाट जाते. ऊस की कांदा, असे विचारत नाही. मूल रडले की उठावे लागते, हरिपाठ मध्येच थांबतो. थांबू द्यावा. उठताना कपाळाला आठी न घालता उठावे, नाम मुखात तसेच ठेवून पोर उचलावे. राहिलेले चरण त्याला खांद्यावर थोपटताना म्हणावे. शब्द न कळणारे ते लेकरू आपल्या छातीतला नामाचा नाद कान लावून ऐकत असते. पुढे कधी त्याने टाळ हाती घेतला, तर त्याचे बी या दिवसांत पडलेले असेल. नाही घेतला तरी खंत नको. पेरणे आपले, उगवणे त्याचे.

एवंच, पोर आणि वाफा ही विघ्ने नव्हेत, आणि आपोआप साधनेही नव्हेत. "माझं" म्हणून धरले तर ती बेडी होतात. देवाचे समजून लक्ष दिले तर तेथेच सेवा घडते. उद्या सकाळी पाणी घालताना आधी मातीत बोट घालून पाहावे. ओल असेल तर तांब्या ठेवावा, आणि तेवढा वेळ नाम घ्यावे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!