शिफा आणि तिचे माप



सूरह अल-हिज्रच्या एकोणिसाव्या आयतीत अल्लाह तआला पृथ्वी पसरविल्याचा व तिच्यात पर्वत रोवल्याचा उल्लेख करतो आणि सांगतो की, तिच्यातून उगविलेली प्रत्येक वस्तू तोलून उगविलेली आहे. तेथे 'मौजून' हा शब्द आला आहे. आपण मराठीत रोज उच्चारतो तो 'वजन' हा शब्द त्याच कुळातला.

श्रीपूरच्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. ऊस गोड असतो हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याला उतारा किती, हे कारखान्याच्या प्रयोगशाळेतच कळते. टनामागे साधारण शंभर किलो साखर निघते. जात, जमीन किंवा तोडीचा महिना बदलला की ती कमी-अधिक होते आणि तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घसरतो. औषधी वनस्पतींचेही तसेच आहे. त्यांच्या मुळांत, पानांत, सालींत काही विशिष्ट रासायनिक द्रव्ये असतात आणि शरीरावर मुख्य परिणाम घडवितात ती तीच. एकाच जातीच्या दोन झाडांतही त्यांचे प्रमाण सारखे असेलच असे नाही.

सर्पगंधेचे उदाहरण पाहा. या मुळीचा गुण आपल्या देशातील वैद्य-हकीमांना पूर्वापार माहीत होता. दिल्लीचे हकीम अजमल खान यांना मात्र केवळ परंपरेवर थांबणे मान्य नव्हते. या मुळ्यांचा आधुनिक रसायनशास्त्राच्या साहाय्याने अभ्यास व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. जर्मनीहून शिकून आलेले सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी ते कार्य हाती घेतले. 1927 मध्ये हकीमसाहेबांचे निधन झाले. 1931 मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळातून वेगळे केलेले द्रव्य जाहीर केले आणि हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्याला 'अजमलीन' हे नाव दिले.

पुढचे पाऊल आपल्या मुंबईत पडले. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर सर्पगंधेचा परिणाम नोंदवून 1949 मध्ये तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी त्याच मुळीतून 'रेसर्पिन' वेगळे केले. रक्तदाब उतरविण्यास त्याची मात्रा किती लागे? दिवसाला पाव मिलिग्रॅम, कधी त्याहूनही कमी. मात्रा वाढली की तेच द्रव्य काही रुग्णांच्या मनाला खोल खिन्नतेत लोटते, हेही पुढे दिसून आले. मुळी एकच, तिच्यातील शिफा आणि अपाय यांच्यामध्ये उभे आहे ते वजन.

आता आपल्या अंगणात येऊ. नमाजनंतर काही बांधव विचारतात, "मौलाना, शुगरसाठी सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाने खाल्ली तर चालेल ना? झाडपालाच आहे." काहींनी तर त्या भरवशावर डॉक्टरांची गोळीही सोडलेली असते. बंधूंनो, ही सदाफुली म्हणजे काय, हे ऐका. मधुमेहावरील तिची ख्याती ऐकून 1950 च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी तिच्या पानांचा अर्क उंदरांना टोचला. साखर उतरली नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. या अनपेक्षित परिणामातूनच विनब्लास्टिन आणि पुढे विनक्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे हाती आली. रक्ताचा कर्करोग झालेल्या असंख्य बालकांच्या उपचारात आज विनक्रिस्टिन वापरले जाते. शेकडो किलो सुकी पाने गाळावी तेव्हा असे द्रव्य ग्रॅमभर मिळते, आणि तेही डॉक्टर मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासून शिरेतून देतात. ज्या झाडात इतके सामर्थ्य आहे, त्याची मूठभर पाने रोज अंदाजाने चावणे हा उपचार कसा होईल?

येथे दोन चुकीच्या समजुतींपासून सावध राहिले पाहिजे. आयुष्य अल्लाहच्या हाती आहे, मग औषध कशाला, ही पहिली. प्रेषितांनी (स.) स्वतः उपचार करण्यास सांगितले आहे आणि प्रत्येक रोगावर औषध असल्याची ग्वाही दिली आहे. सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय असा की, औषध रोगाला नेमके लागू पडले म्हणजे अल्लाहच्या आज्ञेने रोगी बरा होतो. 'नेमके' आणि 'अल्लाहच्या आज्ञेने' या दोन्ही अटी ध्यानात ठेवाव्यात. निसर्गातील वस्तू अपाय करीत नाही, ही दुसरी समजूत. अल्लाहने निर्माण केलेल्या वस्तूत त्याने घातलेले माप न ओळखणे याला श्रद्धा म्हणत नाहीत. अबू दाऊदमधील हदीसचा आशय तर असा की, वैद्यक न जाणता जो उपचार करतो, तो झालेल्या हानीस जबाबदार असतो. भ्रमणध्वनीवर आलेला नुस्खा पुढे पाठविताना, आजारी शेजाऱ्याला मुळी सुचविताना ही जबाबदारी आपल्याही मानेवर येते.

म्हणून चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका. काढा, चूर्ण, पाला काहीही घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. दोन औषधे पोटात एकमेकांशी भांडू शकतात. युनानी किंवा आयुर्वेदिक उपचार हवा असेल तर ती विद्या रीतसर शिकलेल्या हकीम-वैद्यांकडे जा.

आणि गुण आला म्हणजे द्रव्याला देव करू नका. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी आपल्या लोकांना सांगितले होते की, मी आजारी पडतो तेव्हा मला बरे करणारा तोच. द्रव्य हे कारण आहे; कारणात गुण ठेवणारा वेगळा आहे. त्याने ते तोलून ठेवले. आपण ते तोलून घ्यावे आणि आभार त्याचे मानावेत.

अल्लाह आपल्या आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो आणि त्याने घातलेली मापे ओळखण्याची समज आपल्याला देवो. आमीन.