घाबरणे हे पाप आहे का?



नव्या साथीची बातमी आली की आपल्यात दोन प्रकारचे बोल ऐकू येतात. एक जण म्हणतो, "देवावर भरवसा आहे ना? मग कसली काळजी करायची? ज्याची वेळ आली तो जाणारच." दुसरा म्हणतो, "आता कुणाच्या घरी जायचे नाही आणि कुणाला घरात घ्यायचे नाही. आपले आपण सांभाळावे." पहिल्याला आपण श्रद्धाळू म्हणतो, दुसऱ्याला व्यवहारी. पण थोडे खोलात गेले तर दोघांत एक गोष्ट सारखी सापडते. दोघांच्याही हिशोबात शेजारी नाही. पहिल्याच्या बेफिकिरीने रोग शेजाऱ्याच्या घरात जाईल आणि दुसऱ्याच्या बंद दारामुळे आजारी शेजाऱ्याला पेजही मिळणार नाही.

मग ख्रिस्ती माणसाने साथीच्या दिवसांत घाबरावे की घाबरू नये? हा प्रश्न आपण वेळ असताना विचारायला हवा. साथ दारात आल्यावर विचार करायला उसंत मिळत नाही.

आपल्या आठवणीतले एक उदाहरण घेऊ. स्वाईन फ्लू ही जागतिक साथ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी जाहीर केले. ३ ऑगस्टला या रोगाने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. एक शाळकरी मुलगी गेली. त्यानंतर काय झाले ते पुणे-मुंबईच्या लोकांना सांगायला नको. शाळा बंद झाल्या, सिनेमागृहे बंद झाली, दहीहंडीचा उत्साह ओसरला. मास्क दुकानांतून दिसेनासे झाले आणि मिळाले तर अव्वाच्या सव्वा किमतीला. पुण्यात नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी लांबच लांब रांगा लागल्या. साधी सर्दी झालेली माणसे आणि खरोखर तापाने फणफणलेली माणसे तासन् तास एकमेकांना खेटून उभी होती. रोगाला टाळण्यासाठी निघालेली गर्दी रोगालाच वाट करून देत होती.

ती भीती खोटी होती असे म्हणता येणार नाही. त्या रोगाने माणसे दगावली. गरोदर स्त्रियांना आणि आधीच आजारी असलेल्यांना त्याचा धोका अधिक होता. पण बहुतेकांना तो साध्या तापासारखा येऊन गेला. १० ऑगस्ट २०१० रोजी साथ संपल्याचे जाहीर झाले आणि तो विषाणू पुढे दरवर्षी येणाऱ्या फ्लूमध्येच सामील झाला. म्हणजे भीतीला कारण होते, तिला माप मात्र राहिले नव्हते.

आता शुभवर्तमानाकडे वळू. गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला. मरणाच्या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला आणि हे संकट टळावे म्हणून त्याने पित्याची विनवणी केली. ज्याच्या ठायी पाप नव्हते त्याला भीती वाटली. तेव्हा भीती वाटणे हे पाप नव्हे, हे पहिले उत्तर इथेच मिळते. भीती ही देवाने शरीरात ठेवलेली एक घंटा आहे. घंटा वाजली म्हणून कुणी दोषी ठरत नाही. ती वाजल्यावर आपण काय करतो, यावर आपला न्याय होईल. येशूने बागेत काय केले? तो पळाला नाही आणि भीती लपवलीही नाही. त्याने ती पित्यापुढे ठेवली, सोबतीसाठी मित्रांना जवळ बोलावले आणि मग उठून पुढे गेला.

दुसरा प्रसंग मोहाचा. सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर उभे केले आणि, देवाचे दूत तुला झेलतील, खाली उडी टाक, असे सुचवले. त्यासाठी त्याने स्तोत्राचाच आधार दिला. येशूने नकार दिला. देवाची परीक्षा पाहायची नसते, हे त्याचे उत्तर होते. "मला काही होणार नाही, मी रोज रोजरी म्हणतो," असे सांगून ताप अंगावर घेऊन गर्दीत शिरणाऱ्याने हा प्रसंग पुन्हा वाचावा. बेफिकिरी श्रद्धेचे कपडे घालून येते. तिच्या तोंडी पवित्र शास्त्रातली वचनेही असतात. पण ती श्रद्धा नव्हे.

तिसरा प्रसंग कुष्ठरोग्याचा. ज्याला कुणी शिवत नव्हते त्याला येशूने हात लावला, हे आपण नेहमी ऐकतो. पण त्याच प्रसंगातली पुढची गोष्ट आपण सहसा विसरतो. बरे झालेल्या त्या माणसाला येशूने याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले, कारण मोशेच्या नियमशास्त्रात तसे ठरले होते. त्या काळी रोगी बरा झाला की नाही हे याजक तपासत असे. म्हणजे येशूने करुणा दाखवली आणि नियमही पाळायला लावला. आपण मात्र यातले एकच निवडतो. काहींना नियम नको असतात, काहींना हात लावणे नको असते.

इथे कुणी म्हणेल, "हे सगळे संतांना जमले. आमच्या घरात म्हातारी आई आहे, लहान मुले आहेत. आम्ही रोग्याच्या घरी कसे जायचे?" हा प्रश्न रास्त आहे. संत अलॉयशियस गोन्झागा रोममध्ये साथीच्या रोग्यांची सेवा करताना १५९१ साली वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी मरण पावला. प्रत्येकाला तशी हाक नसते. ज्याच्यावर घराची जबाबदारी आहे त्याने ती सोडून धाडस करावे असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. विवेक हा चार मुख्य सद्गुणांत गणला जातो आणि धैर्यही त्या चारांतच आहे. भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधली वाट म्हणजे धैर्य. ती वाट विवेकाशिवाय दिसत नाही.

पण विवेकाच्या नावाखाली आपण काय काय खपवतो, हेही पाहिले पाहिजे. मिलानचा आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ याने १५७६-७७ च्या प्लेगमध्ये एक मार्ग काढला. लोकांना घराबाहेर पडायची बंदी होती. ती त्याने मोडली नाही. त्याने चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे घरात अडकलेल्यांना खिडकीतून मिस्सा पाहता येईल. स्वतः मात्र तो रोग्यांना भेटत राहिला. लोक एकत्र येऊ शकत नव्हते, पण कुणी एकटे पडू नये याची सोय त्याने केली. विवेक म्हणतात तो हा. जो दार बंद करून थांबतो त्याच्याकडे अर्धाच विवेक आहे. बंद दाराबाहेर अन्नाचा डबा ठेवून हाक मारणाऱ्याकडे तो पूर्ण आहे.

साथीत आणखी एक कठीण प्रश्न येतो, तो सत्याचा. लोक घाबरतील म्हणून खरे लपवावे का? १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात रोगी पाहताना डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी ओळखले की हा प्लेग आहे. ते गोव्यातल्या हडफड्याचे, आपल्यासारखेच कॅथलिक. बंदराच्या, व्यापाराच्या शहरात हा शब्द कुणालाच ऐकायला नको होता. तरी त्यांनी तो उघड उच्चारला. पुढे लाखो लोक शहर सोडून पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. मग ते बोलले ते चुकले का? आम्हाला तसे वाटत नाही. रोग बोलण्याने आला नव्हता. सत्य दडवून ठेवले असते तर माणसे मेलीच असती, फक्त कशाने मरतो आहोत हे त्यांना कळले नसते.

त्याच साथीत एक उलटी गोष्टही घडली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेलेली माणसे मारली जातात अशी अफवा होती. आज आपण त्यांना अडाणी म्हणू. पण त्यांच्या बाजूनेही पाहू. रोग्याला घरातून उचलून नेत होते, घरच्यांपासून तोडत होते, परत येणारे थोडे होते. जिथे कुणी विश्वासात घेऊन सांगत नाही तिथे अफवा सांगते. म्हणून अधिकाऱ्यांचे, डॉक्टरांचे आणि आम्हा सगळ्यांचेही कर्तव्य आहे की खरे सांगावे, वेळेवर सांगावे आणि माणसासारखे सांगावे. आणि ज्याची खातरजमा केली नाही ते मोबाईलवरून पुढे ढकलू नये. खोटी साक्ष देऊ नकोस ही आज्ञा साथीच्या दिवसांत रजेवर जात नाही.

त्या प्लेगच्या वर्षांत मुंबईच्या गावठाणांत आपल्या पूर्वजांनी ठिकठिकाणी क्रूस उभारले. वांद्र्याला आजही ते दिसतात. तिथे शेजारपाजारचे लोक जमून प्रार्थना करीत. घाबरलेल्या माणसांनी आपली भीती एकत्र येऊन देवापुढे ठेवली, गेथशेमानेत प्रभूने ठेवली तशीच.

आता अलीकडचे. २०२० साली कोरोनाच्या काळात आपली देवळे बंद होती. २७ मार्चच्या संध्याकाळी दिवंगत पोप फ्रान्सिस पावसात ओल्या, रिकाम्या संत पीटर चौकात एकटे उभे राहिले, ते दृश्य आपण घरात बसून पाहिले. त्यांनी वादळात सापडलेल्या तारवाचे शुभवर्तमान घेतले होते. आपण सगळे एकाच तारवात आहोत, हा त्यांचा मुद्दा होता.

पण त्याच दिवसांत त्या तारवातून काहींना ढकलायचेही प्रयत्न झाले. रुग्णालयात रात्रंदिवस राबणाऱ्या नर्सना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितले. चेन्नईत कोरोनाने गेलेल्या एका डॉक्टरच्या दफनाला आलेल्यांवर जमावाने हल्ला केला. मुंबईत महापालिकेने ३० मार्चला, धर्म कोणताही असो, कोरोनाच्या मृतांचे दहनच करावे असे पत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. तरीही वांद्र्याच्या कबरस्तानात अशा मृतांना पुरू नये म्हणून काही रहिवासी न्यायालयात गेले. मृतदेहापासून हा रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, असे मानून मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्यांची मागणी फेटाळली. मृतांना सन्मानाने मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे असे आपण धर्मशिक्षणात शिकलो. तोबीत तर राजाचा रोष पत्करून परक्या देशात आपल्या लोकांचे मृतदेह पुरत असे. जी भीती मेलेल्या माणसाला सहा फूट जमीन नाकारते तिला काळजी म्हणता येत नाही. विरोध करणारी ती माणसे राक्षस नव्हती. आपल्यासारखीच घरदार असलेली, घाबरलेली माणसे होती. म्हणूनच त्यांच्याकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही.

भीती चांगल्या कामालाही लागू शकते. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक पळाले. पुढच्या वर्षापासून मात्र त्या शहराने कचरा उचलायला आणि गटारे साफ करायला अशी सुरुवात केली की काही वर्षांतच सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. भीती तीच होती, पण तिला काम मिळाले.

तेव्हा साथीच्या दिवसांत आपल्या काळजीला तीन प्रश्न विचारावेत. ती खऱ्या माहितीवर उभी आहे का? ती माझ्या हातून कुणासाठी काही करून घेते आहे का? आणि ज्याला मी दूर ठेवले आहे त्याची मी विचारपूस करतो आहे का? तिन्हींचे उत्तर होय असेल तर ती काळजी प्रेमाचाच एक भाग आहे. तोंडाला बांधलेला मास्क, टोचून घेतलेली लस, अंगात ताप असताना मिस्सा घरीच पाहणे, हातावर घेतलेला ख्रिस्तप्रसाद ही तेव्हा शेजाऱ्यासाठी केलेली छोटी छोटी त्यागाची कृत्ये होतात.

नवा रोग पुन्हा कधीतरी येईल. आज साथ नाही, म्हणून आजच एक काम करता येईल. आपापल्या विभागात एकटे राहणारे कोण आहेत, कुणाची मुले परदेशी आहेत, औषध आणून द्यायला कुणाकडे माणूस नाही, याची विभागाच्या पुढच्या सभेत यादी करू या. प्रत्येक नावापुढे एका कुटुंबाचे नाव आणि फोन नंबर लिहू या. भीती तेव्हाही वाटेल, तिला लाजायचे कारण नाही. पण ती आली तर तिच्या हाती द्यायला आपल्याकडे कामाची यादी तयार असेल.