फांदी, भरपाई आणि आर्जव



आजचं वाचन भगवद्गीता, अध्याय 16, श्लोक 1. दैवी संपत्तीचे नऊ गुण या एका श्लोकात आलेत. अभय पहिलं आणि आर्जव शेवटचं. मराठीत आपण 'आर्जवं करणे' म्हणजे विनवण्या करणे असं म्हणतो, पण गीतेतलं आर्जव म्हणजे सरळपणा. आत एक, बाहेर एक असं नसणं. हा शब्द आजवर मी कितीदा वाचला असेन. या वेळी मात्र अडकले, आणि त्याला कारण एक फांदी आहे.

मे महिन्यात पुण्यात वळीव झाला त्या संध्याकाळची गोष्ट. सोसायटीच्या आवारातल्या गुलमोहराची एक जाड फांदी माझ्या गाडीवर पडली. पुढची काच गेली, बॉनेट दबलं, बंपर फुटला. गुलमोहराचं लाकूड तसं ठिसूळच, आणि ही फांदी तर अर्धी वाळलेली होती. आजी फोनवर म्हणाली, "गाडीवर गेलं, माणसावर नाही. देवापुढे साखर ठेव." ठेवली. मग विमा कंपनीला फोन केला.

विम्याचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नुकतीच पहिली गाडी घेतलीये. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर अशा वेळी एक रुपयाही मिळत नाही, स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा लागतो. माझा होता. पण झिरो डेप मी पैसे वाचवायला घेतलं नव्हतं. त्यामुळे प्लास्टिकच्या बंपरचे निम्मेच पैसे मिळाले, पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे घसारा लागला आणि सक्तीचे हजार रुपये वेगळे कापले गेले. काचेचे तेवढे पूर्ण मिळाले. तीन वर्षं क्लेम न केल्यामुळे जमलेला 35 टक्के बोनस शून्यावर आला तो वेगळाच. पदरचे 11,200 रुपये गेले. ते सोसायटीने द्यावेत असा अर्ज मी कमिटीकडे केला.

कमिटीचं तोंडी उत्तर आलं, "वादळ होतं हो, देवाची करणी. आम्ही काय करणार?"

मला हसू आलं आणि रागही. एरवी मीटिंगमध्ये देवाचं नाव कुणी काढत नाही, पैसे द्यायची वेळ आली की बरोब्बर आठवतो! कायद्यातही दैवी आपत्ती अशी कल्पना आहे, पण ती कुणालाही टाळता न येण्याजोग्या गोष्टीसाठी. धडधाकट झाड वादळात कोसळणं वेगळं. वाळलेली फांदी सगळ्यांना दिसत असताना तशीच लोंबत ठेवणं वेगळं. ते माणसाचं काम आहे, देवाच्या खात्यावर टाकू नये.

आमच्या शनिवारच्या वाचनगटातला एक जण म्हणाला, "ताई, फळाची आशा सोड असं वाचतेस आणि अकरा हजारांसाठी अर्ज करतेस?" बोचलं. पण मला ते पटत नाही. पांडवांची मागणी पाच गावांवर आली होती, आणि ती घेऊन हस्तिनापुरात कोण गेलं? स्वतः भगवंत. आपल्या हक्काचं मागणं कमीपणाचं असतं तर कृष्णशिष्टाई झालीच नसती. मागितल्यावर मिळालं नाही तर जळफळायचं नाही, एवढंच गीतेतून मी घेते. मागायचंच नाही असं तिथे मला कुठे दिसत नाही.

इथवर माझी बाजू झकास होती. आता अडकले ते सांगते.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला होता तेव्हा त्याने बंपरवरच्या एका ओरखड्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा जुना ना?" मी लगेच हो म्हणाले. त्या रात्री मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. किती खरं बोलते मी! पण कमिटीला दिलेल्या अर्जात मी लिहिलं होतं, "धोकादायक फांद्यांची छाटणी वेळेवर न करून सोसायटीने निष्काळजीपणा केला आहे." त्यातला शब्द न शब्द खरा. फक्त मागच्या वर्षी मार्चमध्ये सोसायटीने याच झाडाच्या छाटणीसाठी महापालिकेच्या वृक्ष विभागाची परवानगी काढली होती, आणि ती छाटणी थांबवा म्हणून आम्ही सात जणांनी पत्र दिलं होतं. झाडावर कावळ्याचं घरटं होतं. त्या पत्रावर तिसरी सही माझी आहे.

हे मी अर्जात लिहिलं नाही. विसरले होते का? नाही. लिहिताना आठवलं होतं, आणि मी पुढचं वाक्य टाईप केलं.

सत्य हा गुण गीतेत पुढच्या, म्हणजे दुसऱ्या श्लोकात वेगळा येतो. मला नेहमी वाटायचं, सत्य आणि आर्जव एकच तर आहे, दोनदा कशाला? आता वाटतं, सत्य बोलण्याचं असतं आणि आर्जव न बोललेल्याचंही असतं. एकही खोटा शब्द न लिहिता मी वाकडी वागले होते.

माझी सही होती म्हणून माझा हक्क संपतो का? यावर मी दोन दिवस घोळत होते. आमच्या पत्रात पिल्लं उडेपर्यंत थांबा एवढंच होतं. पिल्लं कधीच उडाली. त्यानंतर पावसाळा गेला, हिवाळा गेला, छाटणीचा विषय कमिटीने पुन्हा काढला नाही. आणि मीही काढला नाही. रोज त्याच फांदीखाली गाडी लावत होते, सावली छान पडायची. तेव्हा दोष थोडा त्यांचा, थोडा माझा. किती थोडा, ते मला मोजता येत नाही. ते ठरवायचं काम माझं एकटीचं नाहीही, पण ज्यांनी ठरवायचं त्यांच्यासमोर सगळं असायला हवं.

काल रात्री कमिटीला दुसरं पत्र पाठवलं. त्यात मार्चच्या पत्राची प्रत जोडली, त्यावर माझी सही आहे हे लिहिलं. रकमेचा आकडा तसाच ठेवलाय, खाली "समितीला योग्य वाटेल तो भाग द्यावा" असं घातलं. आईचं म्हणणं, आता दमडी मिळणार नाही. मिळणार नाही असं वाटून पोटात गोळा येतोच, खोटं कशाला बोलू. सचिवांचं उत्तर आलंय, विषय रविवारच्या मीटिंगला घेतलाय. गाडी सध्या रस्त्यावर लावतेय. गुलमोहर उरलेल्या फांद्यांवर फुललाय.

उद्या दुसरा श्लोक. राम कृष्ण हरी.