संबळाचे देणे

एखादे नवे गाणे मनात भरले, की आपण मोठ्या आनंदाने सांगतो, ‘मला एक फार चांगला गाणारा सापडला!’ जणू काही तो बिचारा इतके दिवस हरवलाच होता. खरे म्हणजे तो आपल्या जागी गातच होता. तिथे पोहोचायला उशीर झाला तो आपल्याला.

गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगाव हे रेणुकामातेचे गाव. तिथल्या एका लग्नघरी, गोंधळात, मला अशीच एक मंडळी ‘सापडली’. माणसे अवघी चार. एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हाती तुणतुणे, तिसऱ्याकडे झांज, चौथ्याकडे दिवटी. गावोगावच्या देवांना आवतण गेले, जोगवा झाला, आख्यान रंगले. नाईक गाई, जोडीदार मध्येच भाबडा प्रश्न विचारी आणि पोरेबाळे खुदकन हसत. पहाटेपर्यंत मी जागचा हललो नाही.

पण मी काही देवीचा उपासक नव्हे. यजमानाचा तो कुळाचार, गोंधळ्याची ती सेवा. मग माझे तिथे काय होते? दुसऱ्याच्या श्रद्धेवर आपल्या कानांची हौस भागवून घ्यावी काय?

कोणी म्हणेल, सुरांना कुळ नसते. ते खोटे नाही. अमेरिकेत केंटकीच्या बिल मन्रो यांचे वादक १९३९ पासून रेडिओवर गाजू लागले, १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज आपला बँजो घेऊन त्यांना मिळाले आणि ‘ब्लूग्रास’ गाण्याचा घाट पक्का झाला. ही मंडळी भजनेही गात. पण ऐकणाऱ्याला कोणी त्याची श्रद्धा विचारली नाही. आपल्या परभणीचे राजारामभाऊ कदम गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेले, ते काही केवळ उपासकांमुळे नव्हे.

मात्र तो बँजोच आपल्याला दुसरी एक गोष्ट सांगतो. तुणतुण्यासारखेच ताणलेल्या कातड्यावर बोलणारे ते वाद्य आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांच्या हातून अमेरिकेत आले. पुढे वाद्य लाडके झाले आणि ती माणसे विस्मृतीत गेली. यात प्रत्येक ऐकणाऱ्याच्या मनात पाप होते असे नाही. त्याला फक्त गाणे आवडले होते. पुढचे त्याने विचारले नाही.

म्हणून मला वाटते, आवडणे हा अपराध नाही, पण ते एक देणे आहे. भाविक आपले देणे नवसाने, जागरणाने, पंगतीने फेडतो. ज्याच्यापाशी श्रद्धा नाही त्याने निदान रात्र पुरी बसावे, ‘दहा मिनिटांत आटपा’ म्हणू नये, बिदागीत घासाघीस करू नये, आणि गाणाऱ्याला विचारावे, ‘बाबा, हे तुम्ही कोणापाशी शिकलात?’

एवढे करूनही एक गोष्ट मागायचा हक्क आपल्याला मिळत नाही. उद्या गोंधळ्याच्या मुलाने संबळ खुंटीला टांगून शहरात नोकरी धरली, तर ‘परंपरा बुडाली हो!’ म्हणून आपण त्याच्या नावाने हळहळू नये. आपल्या एका रात्रीच्या आनंदासाठी त्याने जन्मभर दिवटी धरावी, हे कोणत्या न्यायाने? त्याने ती धरली, तर मात्र तिच्यात तेल घालायला आपण पुढे व्हावे.